सहा दिवस अंगात कसर, हिरडी सुजलेली. हा दाताचाच ताप का?

रातजागी (सोमवार, रात्री ११:५०)

लेक साडेआठ महिन्यांची. गेले सहा दिवस तिच्या अंगात कसर आहे. ताप म्हणावा तर धड ताप नाही, नाही म्हणावं तर हात लावला की अंग कोमट लागतं. काखेत मोजला की सकाळी ९९च्या आसपास, संध्याकाळी १००, परवा रात्री १००.८. औषध दिलं की उतरतो, पाच-सहा तासांनी परत हजर.

सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत, पुरळ नाही. लाळ मात्र नळ सोडल्यासारखी, दिवसाला पाच-सहा लाळेरी लागतात. खालची हिरडी पुढच्या बाजूला फुगलीये, बोट लावलं की करकचून दाबते. दूध पिते, पण नेहमीसारखं नाही. दोन मिनिटं ओढलं की तोंड फिरवते आणि रडायला लागते. रात्री दर तासाला जाग.

घरात एकमत आहे: दात. साबा (सासूबाई) म्हणतात, नवऱ्याला प्रत्येक दाताला ताप यायचा. तिसऱ्या दिवशी पेडींना (मुलांच्या डॉक्टरांना) फोन केला, त्यांनीही फोनवरच "दात येत असतील, पॅरासिटामॉल देत राहा" म्हणून सांगितलं. पण माझं मन मानत नाहीये. दाताचा ताप इतके दिवस राहतो का? की मीच अर्धवट वाचून घाबरलेय?

चिमखडा (रात्री ११:५८)

अगं, माझ्या दोघांनाही व्हायचं असंच. दात वर आला की ताप गायब. टीथर फ्रिजमध्ये ठेवून दे चावायला. काळजी करू नकोस.

पसारा (रात्री १२:०४)

+१. आमच्याकडे तर सुळ्यांच्या वेळी पंधरा दिवस किरकिर.

उनाड_बाबा (रात्री १२:२०)

थांबा जरा. किरकिर पंधरा दिवस आणि ताप सहा दिवस, यात फरक आहे ना?

रातजागी, आधी सांगा थर्मामीटर कोणता आणि मोजता कसा. प्रश्न बावळट वाटेल, पण आम्ही यावर चार दिवस वाया घालवलेत. आमच्या लेकाचा ताप कधी ९७, कधी १०१, तोही दहा मिनिटांत. मग कळलं की बायको दूध पाजल्यावर लगेच मोजत होती आणि मी त्याच्या झबल्याच्या बाहीतून काठी खुपसत होतो, म्हणजे टोक काखेत नाहीच, कापडात. आता पद्धत ठरलीये. दूध, अंघोळ किंवा मोठं रडणं झालं की पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. काखेतला घाम टिपायचा. टोक काखेच्या खोबणीत बसलं का ते डोळ्यांनी बघायचं, मग दंड छातीशी धरून ठेवायचा, बीप होईपर्यंत. आणि बाळाला तीन पांघरुणांत गुंडाळलं असेल तर आधी ती काढायची. गुंडाळलेलं बाळ नुसत्या उबेनंच गरम लागतं.

कपाळाला हात लावून सांगितलेला ताप आमच्या घरात आता धरला जात नाही. आईचा हात धरला तरी.

रातजागी (रात्री १२:४१)

डिजिटल आहे, काखेतच मोजते. बाहीचं माहीत नव्हतं, पण झबलं काढूनच मोजते, त्यामुळे बरोबर असावा. आत्ता परत मोजला, झोपेत: १००.२. बीपनं जागी झाली. आता कडेवर घेऊन एका हातानं टाइप करतेय.

वॉर्डातली_मावशी (मंगळवार, पहाटे ५:३०)

ड्यूटी संपवून आले आणि हा धागा दिसला. मी बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणार नाही, जे रोज बघते ते सांगते.

पहिलं म्हणजे १००.८ ही कसर नाही, तो ताप आहे. गुदद्वारातून मोजलेला १००.४, म्हणजे ३८ सेल्सिअस, हा ताप धरतात. काखेतला आकडा नेहमी त्याहून कमी भरतो, म्हणून काखेत ९९.५च्या वर गेलं तरी आम्ही तापच लिहितो. तुझ्या बाळाच्या तक्त्यावर मी "कसर" लिहिलं असतं तर राउंडला ओरडा खाल्ला असता.

दुसरं, दातानं अंग जरासं गरम होतं, हे खोटं नाही. हिरडी सुजते, लाळ गळते, बाळ चिडतं, जे सापडेल ते चावतं, झोप मोडते. पण दातामुळे होणारी वाढ अगदी थोडी असते, बहुतेक वेळा तापाच्या रेषेच्या खालीच राहते. आणि एका दाताचा त्रास त्या दाताच्या आगेमागे काही दिवस असतो. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी १०० गाठणारा आणि औषध उतरलं की परतणारा ताप दाताच्या खात्यावर टाकायला माझा हात धजणार नाही.

मग सगळ्यांना दात आणि ताप एकत्र का दिसतात? वय बघ. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, कुणाला चौथ्यात, कुणाला वर्षाला. आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते तीही याच सुमाराला. त्यातच मूल रांगायला लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. पहिले संसर्ग याच काळात व्हायचे. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात येतात. म्हणजे या काळात मुलाला कधीही ताप आला तरी कुठला ना कुठला दात येतच असतो. दोष द्यायला दात कायम हाताशी.

मला काळजी आहे ती वेगळीच. ताप आहे आणि सर्दी-खोकला-जुलाब काहीच नाही, अशा बाळात, विशेषतः मुलीत, लघवीचा संसर्ग तपासल्याशिवाय सोडायचा नसतो. एवढ्या लहान बाळात लघवीच्या संसर्गाला बऱ्याचदा दुसरं ठळक लक्षणच नसतं. जळजळतंय हे ते सांगणार कसं? नुसता ताप, दूध कमी, किरकिर. सगळं दातासारखंच. कानही बघून घ्यायला हवा. कानाचा संसर्ग असलेलं बाळ दूध ओढताना दुखतं म्हणून सोडतं, आणि कान तर दाताच्या वेळीही ओढतातच, त्यामुळे घरी बसून ओळखता येत नाही.

आज सकाळी प्रत्यक्ष दाखव. फोनवर नको. "सहा दिवस ताप, दुसरं लक्षण नाही, लघवी तपासायची का?" एवढं एक वाक्य म्हण. आणि पाच दिवसांवर गेलेल्या तापाबरोबर डोळे लाल, ओठ भेगाळलेले, हातापायांना सूज, अंगावर पुरळ यांतलं काही दिसलं तर तेही आवर्जून सांग, तो वेगळाच आजार असू शकतो.

लंगोट किती ओल्या होतात? हसते का? डोळ्यांत बघते का?

रातजागी (सकाळी ७:१०)

मावशी, काय बोलू. लंगोट आधी सात-आठ व्हायच्या, आता पाच. हसते, औषध चढलं की खेळतेसुद्धा. आणि आता आठवतंय, तीन-चार दिवस लंगोटीला वास येतोय. मला वाटलं लंगोटचा ब्रँड बदलला म्हणून.

साडेदहाची वेळ मिळालीये.

जुनं_खोड (सकाळी ८:३५)

तपासणी करा, त्याला ना नाही. पण आम्ही चार मुलं वाढवली, दाताला ताप येतो हे आम्हाला दिसलेलं आहे. आता एकदम सगळं खोटं? आजकाल जरा कुठं अंग गरम झालं की रक्त-लघवी. त्या जिवाला सुया टोचण्यापेक्षा दोन दिवस वाट पाहिली तर काय बिघडतं?

रामप्रहर (सकाळी ९:२०)

जुनं_खोड, तुम्हाला दिसलं ते खोटं नाही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासून बघितलाय लोकांनी. अमेरिकेत २००० साली छापलेल्या एका अभ्यासात १२५ बाळांच्या आईवडिलांनी रोज दोनदा ताप मोजला, रोज लक्षणं लिहिली आणि दात कुठल्या दिवशी फुटला तेही लिहिलं. एकूण ४७५ दात. दात यायच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन, या आठ दिवसांत चावणं, लाळ, हिरडी चोळणं, चिडचिड, तोंडाभोवती पुरळ आणि किंचित वाढलेलं तापमान खरंच जास्त सापडलं. पण १०२च्या वरचा ताप, खोकला, उलट्या, पातळ शी यांचा दाताशी मेळ लागला नाही. मला गंमत वाटली ती खाण्याची. घट्ट पदार्थ नको होणं दाताशी जुळलं, दूध-पाणी कमी होणं मात्र नाही. रातजागींनी दूध कमी झाल्याचं लिहिलंय म्हणून सांगतोय.

आपण दात आला की मागे वळून बघतो आणि "तरीच तो ताप होता" म्हणतो. दात आला आणि ताप आलाच नाही, असे दात कोण मोजतं?

बाकी दातावर खापर फोडायची सवय फार जुनी आहे. १८३९ साली इंग्लंड-वेल्सच्या सरकारी मृत्यूनोंदीत पाच हजारांवर मुलांच्या मृत्यूचं कारण "दात येणे" लिहिलेलं आहे. हिरड्या सुरीनं चिरायचे. दात येताना द्यायच्या पावडरीत चक्क पारा असायचा. मुलांचे हातपाय गुलाबी पडून सोलायचे, मुलं झुरायची, आणि तोही दाताचाच त्रास मानायचे. त्या पावडरी बंद झाल्या १९५४च्या सुमारास, मग तो आजारही आटला.

जुनं_खोड (सकाळी ९:४०)

पारा! बरं बुवा. माघार घेतो. पण आमच्या हिनं चौघांना पाहूनच ओळखलं असतं, हे लिहून ठेवतो.

पसारा (सकाळी ९:५५)

कुणी हिरड्यांवर लावायचं बधिर करणारं जेल वापरलंय का? आमच्या शेजारीण सुचवतेय.

वॉर्डातली_मावशी (सकाळी १०:०२)

झोपले नाहीये अजून, हे वाचून झोपणारही नाही. बेन्झोकेन किंवा लिडोकेन असलेलं जेल दोन वर्षांखालच्या बाळाला लावू नकोस. लाळेबरोबर पाच मिनिटांत वाहून जातं, म्हणजे उपयोग शून्य. बेन्झोकेननं क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच कमी होते, बाळ निळसर पडतं. लिडोकेन पोटात जास्त गेलं तर झटके येऊ शकतात. गळ्यात घालायच्या अंबरच्या माळाही नकोत, गळफास बसतो किंवा मणी घशात जातो. मध लावू नका, वर्षाच्या आत मधच नको.

स्वच्छ धुतलेलं बोट घेऊन हिरडी दाबून चोळ. ओलं फडकं फ्रिजमध्ये गार करून चावायला दे. टीथर गार हवा, बर्फासारखा दगड नको, हिरडीला इजा होते. लाळेनं हनुवटी सोलवटते, तिथे टिपून साधं मलम. बस.

चिमखडा (सकाळी १०:१५)

माझ्या पहिल्या प्रतिसादाची लाज वाटायला लागलीये. खोडता येत नाही का इथे?

उनाड_बाबा (सकाळी १०:२१)

राहू दे. पुढच्या आईला कळेल की सगळे आधी हेच सांगतात.

नवखी_२ (दुपारी १:१५)

धाग्यात घुसतेय, माफ करा. माझं बाळ सात आठवड्यांचं. सकाळपासून १००.६ आहे. दात तर नसणार, पण आज गरम खूप आहे म्हणून असेल का? पॅरासिटामॉलचे थेंब घरात आहेत, किती देऊ?

वॉर्डातली_मावशी (दुपारी १:१९)

काहीही देऊ नकोस. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा जास्त म्हणजे लगेच हॉस्पिटल, हसत-खेळत असलं तरी. या वयात गंभीर संसर्गालाही नुसता ताप असतो. औषधानं ताप उतरवून नेलंस तर डॉक्टरांनाही चुकल्यासारखं होतं. संध्याकाळची वाट बघू नकोस. वाटेत दूध पाजत राहा. पोचलीस की लिही.

नवखी_२ (दुपारी १:२२)

निघालो.

रातजागी (संध्याकाळी ६:४५)

आता आमची कहाणी.

पेडींनी कान बघितले, स्वच्छ. घसा ठीक. हिरडी बघून म्हणाले, "दात येतोय, यात शंका नाही." मी मावशींचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. ते दोन सेकंद गप्प राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे, करायलाच हवी." फोनवर सांगितलेलं त्यांना आठवलं असावं, पण त्याबद्दल ना ते बोलले ना मी.

आणि मग लघवी गोळा करण्याचं नाटक. चिकटवायच्या पिशवीत घेतलेली लघवी कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) चालत नाही, त्वचेवरचे जंतू मिसळतात, म्हणून थेट धारेतून झेलायची होती. तिला धुऊन-पुसून नवऱ्याच्या मांडीवर उताणी ठेवली, मी समोर उकिडवी, हातात निर्जंतुक बाटली, झाकण उघडं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. लेक पंख्याकडे बघून आनंदात. पहिली धार आली तेव्हा मी बाटलीचं झाकण कुठे ठेवलं ते बघत होते. गेली. नवऱ्याच्या शर्टावर. दूध पाजलं, परत बसलो. मग तिथल्या सिस्टरनं कापसाचा बोळा गार पाण्यात बुडवून बेंबीच्या खाली पोटावर गोल गोल फिरवला. मिनिटभरही झालं नसेल. या वेळी बाटली जागेवर होती. नवरा इतक्या जोरात "आली!" ओरडला की बाहेरची दोन बाळं उठली.

पहिल्या रिपोर्टमध्ये पस सेल्स (पूपेशी, संसर्गाची खूण) बऱ्याच आहेत. कल्चरला दोन दिवस लागतील, पण अँटिबायोटिक आजच सुरू केलंय.

उनाड_बाबा (संध्याकाळी ६:५२)

शर्ट जपून ठेवा, लग्नात दाखवता येईल.

वॉर्डातली_मावशी (संध्याकाळी ७:३०)

वेळेवर गेलीस. दोन गोष्टी. दोन दिवसांत ताप उतरेल, बाळ खुशीत येईल आणि घरात कुणीतरी म्हणेलच, "आता कशाला एवढं औषध." कोर्स पुरा करायचा. दुसरं, आज-उद्या ताप राहील, तेव्हा पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, वयावर नाही. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असतं, पण डोस डॉक्टरांकडून मिलीमध्ये लिहून घे आणि कुठल्या बाटलीसाठी लिहिलाय तेही. थेंबांच्या बाटलीत एका मिलीला औषध किती आणि सिरपमध्ये किती, यात चांगलाच फरक असतो. थेंबांच्या हिशोबानं सिरप दिलं तर कमी पडतं, उलट झालं तर भलतंच जास्त. दोन डोसांत चार तासांपेक्षा कमी अंतर नको. गार पाण्यानं पुसून काढू नका, बाळ कुडकुडतं आणि आतला ताप उलट चढतो.

रातजागी (संध्याकाळी ७:४४)

आमच्याकडे दोन्ही बाटल्या आहेत, आणि दोन्ही एकाच खणात. आत्ता एक उचलून वर ठेवली. दिलेल्या डोसाची वेळही आता कागदावर लिहितोय. काल रात्री मी दिलं होतं आणि नवराही द्यायला निघाला होता.

नवखी_२ (रात्री ९:१०)

ठेवून घेतलंय. रक्त घेतलं, पाठीतून पाणीही काढलं. मी बाहेर उभी होते. अँटिबायोटिक शिरेतून चालू आहे. दूध पितोय. अजून काही कळलेलं नाही. मावशी, थँक्यू.

वॉर्डातली_मावशी (रात्री ९:१५)

पितोय हे फार चांगलं. तूही जेव काहीतरी. रिपोर्ट आले की सांग.

रातजागी (शुक्रवार, सकाळी ११:०५)

कल्चर आलं. ई. कोलाय नावाचा जंतू. चालू असलेलं औषध लागू पडतंय, बदलायला नको. बुधवारी रात्रीपासून ताप नाही. पेडींनी कोर्स संपल्यावर पोटाची सोनोग्राफी सांगितलीये, मूत्रपिंडं बघून घ्यायला. पुढे कधी विनाकारण ताप आला तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच लघवी तपासायची, असंही म्हणाले.

दूध ओढून पितेय, मधेच थांबून माझ्याकडे बघून हसते आणि परत पिते. सहा दिवस हे हसू नव्हतं आणि ते गेलंय हे मला कळलंच नव्हतं. मी लाळ मोजत बसले होते.

पसारा (सकाळी ११:१२)

आणि दात?

रातजागी (सकाळी ११:२०)

काल संध्याकाळी आला. खालचा, डावीकडचा. तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. साबांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं, दातच होता!" मी काहीच बोलले नाही. दात होताच की.

जुनं_खोड (सकाळी ११:३२)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

नवखी_२ (शनिवार, दुपारी ४:००)

आमचे कल्चर रिपोर्ट स्वच्छ आले, व्हायरल होतं. दीड दिवस ताप नाही, उद्या घरी सोडतील. डॉक्टर म्हणाले, आणलंत ते बरोबरच केलंत.

रातजागी (पुढचा मंगळवार, रात्री १०:४०)

वर आणते धागा. शेजारचा दात टरटरून आलाय, लाळ परत सुरू, रात्री दोनदा उठली, माझ्या खांद्याचा चावून चोथा केलाय. साबा आत्ताच म्हणून गेल्या, अंग गरम लागतंय.

झबलं काढलं, घाम टिपला, मोजला. ९८.२.